तीन नंबरचा पिस्टन

कोपरखैरण्याच्या आमच्या घराला पुढे जेमतेम स्कूटर मावेल एवढी पडवी आहे. गेल्या डिसेंबरपासून स्कूटर रस्त्यावर असते आणि पडवीत ट्रॅक्टरचं इंजिन.

ट्रॅक्टर अण्णांचा, माझ्या वडिलांचा. इंटरनॅशनल बी-275. ओतूरला गोठ्यामागे अकरा वर्षं उभा होता. भावाने भंगारवाला बोलावलाय हे कळलं तेव्हा मी म्हटलं, बाकीचं काय ते कर, इंजिन मला दे. तो हसला, पण दिलं. माझा नवरा वाशी मार्केटला कांदा-बटाट्यात आहे, त्यामुळे गाडीची सोय आयतीच होती. इंजिन जुन्या टायरवर बसवलं, दोरांनी आवळलं आणि कांद्याच्या गोण्यांमागून माळशेज उतरून ते मार्केटला आलं. तिथला एक हमाल म्हणाला, "वहिनी, हा कांदा कितीने लावायचा?"

खरं तर ते परतच आलं म्हणायचं. हे ट्रॅक्टर कांदिवलीत बनायचे. 1963 साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली, 1977 मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. इंजिनाचं नाव बीडी-144, त्यातले 144 म्हणजे चारही सिलिंडरांची मिळून जागा, घनइंचांत. बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, सव्वातीन इंच एक सूत; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, चार इंच; सिलिंडर चार. मी गुणाकार करून पाहिला तर 143 च्या जरासं वर भरलं. रबाळ्याला एका कारखान्यात क्वालिटीत आहे मी, एकोणीस वर्षं. आकडा दिसला की तो तपासल्याशिवाय राहवत नाही, घरचे वैतागतात.

इंजिन जाम होतं. कारण हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढल्यावर दिसलं. एक, दोन आणि चार नंबरचे बोअर काळे, तेलकट, ठीक. तीन नंबरमध्ये तांबूस गंजाचा थर. ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा तीनचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार, आणि उभ्या सायलेन्सरमधून पावसाचं पाणी थेट आत. सायलेन्सरवर पालथा डबा असायचा तो कुठे गेला, असं भावाला विचारलं. वहिनीने कोंबड्यांना पाणी ठेवायला नेला होता. अकरा पावसाळे!

तुर्भ्याचा मेकॅनिक म्हणाला, घणाचे दोन ठोके घाला, सुटेल. सुटलं असतं, कनेक्टिंग रॉडसकट. मी डिझेल आणि गिअरचं पातळ तेल अर्धं-अर्धं करून चारही बोअरमध्ये ओतलं आणि झाकून ठेवलं. रोज कामावरून आल्यावर फ्लायव्हीलला, इंजिनाच्या मागच्या जड चाकाला, पहार लावून हलकं रेटायचं. हललं नाही तर सोडून द्यायचं, वर थोडं तेल घालायचं, चहा प्यायचा. सतराव्या दिवशी फ्लायव्हील करंगळीच्या नखाएवढं सरकलं. मी ओरडले तेव्हा सासूबाईंना वाटलं पाल पडली अंगावर.

पिस्टन बाहेर आल्यावर माझं आवडतं काम, मोजमाप. मेकॅनिकचं मत होतं की चारही लाईनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या), चारही पिस्टन, सगळं नवीन घाला. मी कारखान्यातून रविवारपुरतं बोअर गेज मागून आणलं. बोअर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या रिंगच्या टप्प्यात, म्हणून वर, मध्ये, खाली असं मोजायचं आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं दोन्ही. तीन बोअर नुसत्या होनिंगवर, आतून दगडाने हलकं घासून, भागण्यासारखे निघाले. तीन नंबरला लाईनर आणि पिस्टन नवा. पैसे वाचले याचा आनंद होताच, मेकॅनिक खोटा ठरला याचा जास्त झाला.

पुढे पावसाळा लागला. खाडी इथून जवळ, त्यात ही हवा. संध्याकाळी पुसून चकचकीत ठेवलेलं पोलाद सकाळी लालसर. शेवटी सगळे सुटे भाग तेल फासून, जुन्या साड्यांत गुंडाळून पलंगाखाली गेले. गणपतीत पाहुणे आले तर क्रँकवर, पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, पाय आपटून नणंद कळवळली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अण्णा आयुष्यभर सांगत आले, "ट्रॅक्टर घेतल्यापासून इंजिन उघडलं नाही." पण क्रँकच्या बेअरिंगांच्या पाठीवर 010 असा शिक्का होता. म्हणजे क्रँक आधी एकदा दहा थाऊने, इंचाच्या दहा हजारांश भागाने, घासलेला. सेकंडहँड घेतलेला ट्रॅक्टर, आधीच्या मालकाने केलं असेल, म्हणून मी सोडून दिलं. मग टायमिंग कव्हर, इंजिनाच्या पुढच्या गिअरांवरचं झाकण, काढलं. आतलं पॅकिंग जाड, पिवळट कागदाचं होतं, कात्रीने कापलेलं. रॉकेलमध्ये बुडवून पुसलं तर अक्षरं वर आली. "आत्याच्या लग्नाला यायचं हं!" आणि खाली बोल्टच्या भोकाने निम्मी खाल्लेली आमची नावं. भावाचं, आणि माझं घरातलं, बबी.

आत्याचं लग्न 1984 सालचं. मी सहा वर्षांची होते.

अण्णांना फोन लावला. बराच वेळ पलीकडून काही नाही. मग म्हणाले, "पत्रिका उरल्या होत्या."

"इंजिन उघडलं नाही म्हणत होता ना?"

"लग्नाच्या तोंडावर उघडलं होतं. तुझ्या आजोबांना सांगितलं नव्हतं, खर्चाचं. मग तेच बोलायची सवय लागली." आणि वर सल्ला, "नवं पॅकिंग पत्रिकेचंच काप. पण हल्लीच्या चकचकीत नको, त्या तेल पीत नाहीत."

मी वाशीहून पॅकिंगचा कागद आणला. ते जुनं वाळवून वहीत ठेवलंय.

जोडणीचं फार सांगत नाही. पिस्टनची रिंग नुसती बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फिलरच्या पातळ पात्यांनी मोजली. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागले की एक नंबरचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, लावायचं, दोनचे हलले की तीनचं, हे अण्णांनी फोनवर न अडखळता सांगितलं. सकाळी काय खाल्लं ते मात्र त्यांना आठवत नव्हतं.

दसऱ्याला सुरू करायचं होतं. खंडेनवमीला मायक्रोमीटरला आणि इंजिनाला झेंडूही वाहिला. पण पंपाचं काम लांबलं आणि दिवाळीनंतरचा रविवार उजाडला. डिझेलचा कॅन खिडकीच्या ग्रिलला टांगला, बॅटरी टेम्पोची, रेडिएटरला बागेचा पाईप. आधी डिझेल बंद ठेवून ऑइलचा काटा वर येईपर्यंत नुसतं फिरवलं. मग डिझेलच्या पाईपांतली हवा काढली. हातात पाट घेऊन नवरा एअर इनटेकपाशी उभा, कारण डिझेल इंजिन बेफाम सुटलं तर चावीने थांबत नाही, हवाच कोंडावी लागते. तिसऱ्या स्टार्टरला पांढरा धूर, खोकला आणि मग धडधड. समोरच्या माळ्यावरच्या काकू टाळ्या वाजवत होत्या की शिव्या देत होत्या, कळलं नाही.

भाच्याने तिकडे अण्णांपुढे फोन धरला होता. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"एक बंद आहे," ते म्हणाले. "नोझलचे पाईप एकेक ढिले करून बघ. ज्याने आवाज बदलत नाही, तो."

दोन नंबर निघाला. पाईपात हवा होती. नट घट्ट केला आणि आवाज एकसारखा झाला. वॉटर पंप अजून ठिबकतोय, ते पुढच्या रविवारी.

"झालं?" मी विचारलं.

"सायलेन्सरवर डबा ठेव," अण्णा म्हणाले.