एकाच कॉलेजात 1144 विजय

मामांचा फोन आला की चौकशी ठरलेली असते, "अजून त्याच कंपनीत?" गेल्या आठवड्यातही विचारलं. फोनवर मी विषय बदलला, पण उत्तर डोक्यात घोळत राहिलं. ते उत्तर म्हणजे बास्केटबॉलचे कोच हर्ब मगी.

अमेरिकेत फिलाडेल्फियात राहून मला हे नाव बरंच उशिरा कळलं. तेही स्प्रिंगफिल्डला, बास्केटबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये. 2011 च्या मानकऱ्यांत डेनिस रॉडमन आहे, साबोनिस आहे, असे गाजलेले खेळाडू, आणि त्यांच्याच रांगेत फिलाडेल्फियातल्या टेक्स्टाइल कॉलेजचा कोच! माझ्यासारख्या इचलकरंजीच्या माणसाला टेक्स्टाइल म्हटल्यावर तिथून पुढे जाववेल का?

मगी याच कॉलेजचे विद्यार्थी. 1963 मध्ये बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघानं त्यांची निवड केली होती, पण बोटांना दुखापत झाली आणि ते कॉलेजातच सहायक कोच झाले. 1967 ला मुख्य कोच, 1970 ला छोट्या कॉलेजांच्या गटातलं राष्ट्रीय विजेतेपद. एवढं झाल्यावर कुणीही मोठं विद्यापीठ गाठलं असतं. हे 2022 पर्यंत तिथंच. कॉलेजचं नाव दोनदा बदललं, कोच तोच. निवृत्त झाले तेव्हा 1144 विजय नावावर होते आणि पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पुढे फक्त ड्यूकचे माइक शशेव्हस्की.

इथं मोठ्या कॉलेजांचा थाट मी बघतो. बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच. गव्हर्नरचा पगारही त्याच्या मागे! मगींच्या कॉलेजासारख्या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांचं तसं नाही. तिथं खेळाडूंना बहुधा अर्धीमुर्धी शिष्यवृत्ती मिळते आणि पोरं पुढे नोकरीधंद्याला लागतात.

मगींची खरी ख्याती बास्केटवर नेम धरायला, म्हणजे शूटिंग शिकवण्याची. 'शॉट डॉक्टर' म्हणतात त्यांना. माझा मुलगा गॅरेजसमोरच्या बास्केटवर शिकतो तेव्हा मला शूटिंगचा एकेक बारकावा दिसतो. चेंडू तळहातावर टेकवायचा नाही, बोटांवर पेलायचा. कोपर चेंडूच्या खाली हवं, बाहेर फाकलं की नेम गेला. दुसऱ्या हातानं फक्त आधार द्यायचा, ढकलायचं नाही. चेंडू सुटल्यावरही मनगट पुढे वाकलेलंच ठेवायचं. हे अंगवळणी पडायला महिने लागतात, आणि ते दर वर्षी नव्या पोरांना पहिल्यापासून शिकवायचं! तेही पन्नासहून अधिक वर्षं! मला हे 1144 पेक्षा मोठं वाटतं.

आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. मुंबईत नागपाड्याला बास्केटबॉलचे कोच बच्चू खान यांच्या नावाचं मैदान आहे. त्याच मोहल्ल्यातले बास्केटबॉलपटू अब्बास मुन्तसिर यांना 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे मगी विजेते झाले त्याच वर्षीचा. राग येतो तो शाळांचा. पीटीचा तास गणिताला द्यायचा, सरांना निवडणुकीच्या कामाला जुंपायचं आणि वर पदकं का येत नाहीत म्हणून विचारायचं.

राहिला माझा प्रश्न. मी सुताची ताकद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. नवी पोरं येतात, शिकतात, दुप्पट पगारावर निघून जातात. अडचण आली की फोन मात्र मलाच करतात. मामा, हो, अजून त्याच कंपनीत. पुढच्या वर्षीही तिथंच.