आलेख चढत होता, माणसं वैतागत होती

पडद्यावर चढता आलेख होता आणि क्लायंटचे मार्केटिंग प्रमुख खुशीत होते. गोष्टी ऐकवणाऱ्या त्यांच्या अ‍ॅपसाठी आम्ही एक अ‍ॅनिमेटेड खार घडवत होतो. नुसता लोगो नको, तर बघणाऱ्याकडे वळणारं, बोलणारं पात्रच ब्रँडचा चेहरा व्हावं अशी मागणी होती. चाचणीच्या आवृत्तीत खार आली आणि लोक मुख्य पानावर आधीपेक्षा जास्त वेळ थांबू लागले. "बघा, गुंततायत लोक!" साहेब म्हणाले.

आमच्या रिसर्चवाल्या सहकारीनं काही न बोलता वापराची रेकॉर्डिंग लावली.

पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये एक बाई अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे ऐकायला आल्या होत्या. खार टुणकन समोर आली. "आज काय ऐकायचं?" बाईंनी तिच्यावर टॅप केलं. ढिम्म. पुन्हा टॅप, मग आणखी एकदा, जरा जोरात. सर्व्हरकडून तिन्हींची उत्तरं एकदमच आली आणि खार एकामागोमाग गिरक्या घेत सुटली. 'पुढे ऐका' हे बटण तिच्या झुपकेदार शेपटीमागे. बाई बोटानं ती शेपटी बाजूला सारू पाहत होत्या! खोलीत हशा पिकला. पुढच्या रेकॉर्डिंगांतही थोड्याफार फरकानं हाच प्रकार दिसल्यावर मात्र कुणी हसेना. थांबण्याचा वेळ वाढला होता, तो वाट शोधण्यात.

साहेबांचा तोडगा तयार होता: "मग तिला अजून बोलकी करा." मला मायक्रोसॉफ्टची क्लिप आठवली. ऑफिस 97 मधली ती मदतनीस पेपरक्लिप न विचारता मध्ये मध्ये टपकायची. लोक इतके कावले की 2001 च्या ऑफिस एक्सपीमध्ये ती मुळातच बंद ठेवून दिली गेली. कंपनीनं जाहिरातीत स्वतःच तिची थट्टा केली, हे त्यातल्या त्यात शहाणपण.

दुपारभर आम्ही खारीचं बोलणं काढून टाकत बसलो. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी 1993 मध्ये मांडलेल्या प्रतिसादाच्या वेळेच्या मर्यादा आमच्या धंद्यात आजही धरतात: 0.1 सेकंदात प्रतिसाद मिळाला तर तो तत्क्षणी वाटतो, 1 सेकंदाच्या पुढे विचारांची लय तुटते. म्हणून टॅपला पहिलं उत्तर सर्व्हरचं नाही, फोनमधलंच: कान टवकारायचा, बस्स. खरं उत्तर मागाहून आलं तरी चालतं, कारण आपलं ऐकलं गेलंय हे तोवर कळलेलं असतं. गोष्ट सुरू झाली की खार कोपऱ्यात जाणार आणि निवेदकाच्या आवाजाच्या चढउतारांवर तिचा कान हलणार. फोनच्या सेटिंगमध्ये ज्यांनी हालचाल कमी ठेवली असेल, त्यांच्यासाठी ती स्थिर चित्र. सतत हलणाऱ्या पडद्यानं काहींना खरोखर गरगरतं; इथे हौसेला जागा नाही.

"पण मग लक्षात काय राहणार?" हा साहेबांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना नॉर्वेतल्या नॉर्डकिन द्वीपकल्पाचं पर्यटनचिन्ह दाखवलं. वाऱ्याची दिशा आणि तापमान बदललं की त्याचा आकार आणि रंग बदलावा असं ते घडवलं होतं, तरी ते ओळखू येतं, कारण बदलण्याचा नियम एकच. आमच्या खारीचा नियम ठरला: ती ऐकते. ज्या हालचालीतून हे दिसत नाही, ती कापायची. गिरकी गेली. अ‍ॅनिमेटर बिचारा हळहळला, कारण गिरकी होती मात्र देखणी.

नव्या आवृत्तीच्या चाचणीत लोक मुख्य पानावरून लवकर गोष्टीकडे वळू लागले आणि थांबण्याच्या वेळेचा आलेख घसरला. कुणी कुणी गोष्ट चालू असताना मुद्दाम कोपऱ्यातल्या खारीला टॅप करून कान हलवून घेत. साहेबांना हे पटलं. त्यांच्या वरिष्ठांसमोर घसरता आलेख ठेवायचा कसा, हा पेच उरला. करारात यशाचा निकष 'पानावरचा सरासरी वेळ' असाच लिहिलेला होता. तो बदलून 'पूर्ण ऐकलेल्या गोष्टी' असा करून घ्यायला खार घडवण्यापेक्षा जास्त बैठका लागल्या.