आपत्तीनंतरचा मृत्युदर मोजताना छेद सांभाळा

आपत्तीत किती माणसं गेली हे सगळे विचारतात. कितींपैकी गेली आणि किती दिवसांत, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. खरी गोम तिथेच असते.

२०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्टो रिको या कॅरिबियन बेटावर मृतांचा सरकारी आकडा ६४ होता. पुढे अपेक्षित मृत्यूंशी तुलना झाली, तेव्हा सहा महिन्यांतले जादा मृत्यू २,९७५ निघाले. घरोघरी केलेल्या एका सर्वेक्षणाचा अंदाज ४,६४५ होता, पण त्याचा पल्ला, म्हणजे खरा आकडा ज्या हद्दीत असू शकतो ती, होता ७९३ ते ८,४९८. पल्ला गाळून नुसता मधला आकडा सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

हिशेब साधा आहे. सर्वेक्षणात ३,००० लोक, कालावधी ९० दिवस, मृत्यू २७. ३,००० गुणिले ९० म्हणजे २,७०,०००, हा छेद. २७ भागिले २,७०,०००, गुणिले १०,०००, म्हणजे दिवसाला दहा हजारांमागे १. आणीबाणीची रूढ सीमारेषा हीच. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ती २ धरतात. छेदात लोकसंख्या कालावधीच्या मध्याची घ्यायची: मधल्या काळात जन्मलेले, आलेले, गेलेले आणि वारलेले निम्म्याने धरायचे. लोक छावणीत किंवा परगावी निघून गेले असताना जुन्या जनगणनेचा आकडा वापरला, तर दर खोटाच कमी दिसतो.

‘घरात कोणी वारलं का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. अमुक दिवशी घरात कोण कोण होतं, ते एकेक नाव लिहून घ्या. मग प्रत्येकाबद्दल विचारा: आज इथे आहे, बाहेर गेला, की वारला? त्यानंतर मधल्या काळातले जन्म विचारा आणि त्या बाळांचंही हेच विचारा. जन्मून दोन दिवसांत गेलेलं बाळ घरातलं माणूस म्हणून सांगितलंच जात नाही, ते इथे सापडतं. कालावधीची सुरुवात सगळ्यांना आठवेल अशा दिवसाला बांधा, नाहीतर त्याआधीचे मृत्यूही आत ओढले जातात.

कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नका, पुन्हा जा. बंद घरं बहुधा इस्पितळात गेलेल्यांची, स्थलांतरितांची किंवा एकट्या म्हाताऱ्यांची असतात.

आणि जिथलं सगळं कुटुंबच गेलं, तिथे उत्तर द्यायला कोणी उरत नाही. शेजाऱ्यांकडून अशा घरांची वेगळी यादी करा. ती मुख्य दरात मिसळू नका, पण अहवालात त्या दराच्या शेजारीच छापा.