तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या प्रोजेक्टला कोणती पद्धत लावू?

नव्याने टीम लीड झालेली मुलं भेटली की हमखास विचारतात, “मॅडम, स्क्रम लावू, एक्सपी लावू की कानबान?” (या सॉफ्टवेअरचं काम चालवण्याच्या पद्धती; एक्सपी म्हणजे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग.) मी आधी विचारते, माणसं किती आहेत आणि सॉफ्टवेअर चुकलं तर कुणाचं काय जाईल?

हे दोन प्रश्न मी घेतले ॲलिस्टर कोबर्न यांच्याकडून. २००१ साली अमेरिकेतल्या स्नोबर्डला अजाइल जाहीरनामा, म्हणजे थोड्या थोड्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची तत्त्वं, लिहिणाऱ्या १७ जणांतले ते एक. त्यांच्या ‘क्रिस्टल’ नावाच्या पद्धतींच्या कुटुंबात माणसं वाढतात तसा पद्धतीचा रंग गडद होतो: क्लिअर, यलो, ऑरेंज, रेड. नुकसानीचीही उतरंड आहे. आधी नुसती गैरसोय, मग सोसवतील एवढे पैसे, मग धंदा बुडवणारे पैसे, शेवटी जीव.

अंधेरीत आम्ही चौघं एका मिठाईवाल्यांचं ऑर्डरींचं ॲप करत होतो. टेबल एकच. एकाने काही विचारलं की तिघांच्या कानांवर जायचंच, मग रोजची उभ्याची मीटिंग कशाला? भिंतीवर चिठ्ठ्या आणि दर शनिवारी गल्ल्यावर काकांना डेमो, एवढ्यावर भागलं. पेढ्यांचा डबा चुकीच्या घरी गेला तर फोन करून निस्तरता यायचं.

तीच सवय मी पुढच्या कामावर नेली. ते एका रुग्णालयातल्या औषधांच्या मात्रांचं काम होतं. आम्ही बाराजण, निम्मे पुण्यात. थायरॉक्सिनची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये धरायची, हे आमचं चहाच्या टपरीवर ठरलं. पुण्याला ते कळलंच नाही, तिथे मिलिग्रॅम धरले गेले. म्हणजे हजारपट. चाचणीच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरनी आकडा पाहिला आणि मला हाक मारली. रुग्णापर्यंत काही गेलं नव्हतं, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर प्रत्येक निर्णय लिहून ठेवू लागलो. रोज पंधरा मिनिटं पुण्याशी बोलणं सुरू केलं. एक्सपीतलं जोडीने कोड लिहिणं फक्त मात्रांच्या हिशेबापुरतं घेतलं. बाकीच्या स्क्रीनना त्याची गरज नव्हती. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे शेवटी झालेलं काम दाखवायचं असा टप्पा, मात्र तसाच ठेवला. काम लवकर दाखवलं होतं म्हणूनच सिस्टरना ती चूक दिसली होती.

डेमोची वेळ तेवढी बदलली. सिस्टरची ड्युटी दोनला सुटायची, म्हणून आम्ही सव्वादोनला वॉर्डाशेजारच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसायचो.