मेन रेल उभी राहिली! गळती एसीडेटवर होती

मंडळी, मामेभावाच्या लॅपटॉपच्या बोर्डावर अखेर मेन रेलवर, म्हणजे सगळ्या बोर्डाला वीज पुरवणाऱ्या मुख्य वाटेवर, 19 व्होल्ट आले आणि रात्रभर टिकले. मागच्या नोंदीत बोर्ड ज्या अवस्थेत होता ती तुम्हाला आठवत असेल: हॉट एअर दिली की जिवंत, सकाळी पुन्हा मढं. चार्जिंग नाही, पॉवर बटणाला दाद नाही, बेंच सप्लायवर (करंट दाखवणाऱ्या टेबलावरच्या पॉवर सप्लायवर) जेमतेम 0.01 अँपिअर. चहा सांडल्याचा इतिहास होताच.

शॉर्ट कुठेच नाही हे आधीच पाहून झालं होतं, त्यामुळे सगळा मुक्काम बीक्यू24735 या चार्जर आयसीभोवतीच पडला. अडॅप्टर ठीक आहे का ते तपासून वीज आत सोडायची की नाही, हे तोच ठरवतो. अडॅप्टरचे 19 व्होल्ट पहिल्या इनपुट मॉसफेटच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) ड्रेनपर्यंत, म्हणजे त्याच्या अलीकडच्या टोकापर्यंत, नीट येत होते. त्यापुढे शून्य. दोन्ही मॉसफेट मीटरच्या डायोड मोडवर ठणठणीत, करंट मोजणारा सेन्स रेझिस्टर शाबूत. म्हणजे मॉसफेट उघडण्याचा हुकूमच सुटत नव्हता. मॉसफेटच्या गेटला हुकूम देणारी एसीड्राइव्ह पिन मेलेली, ‘अडॅप्टर ठीक’ सांगणारी एसीओके लो. पण आयसीच्या आतल्या रेग्युलेटरची पिन असलेल्या रेगएनवर व्यवस्थित 6 व्होल्ट! या 6 व्होल्टांनी खूप फिरवलं. आयसीला सप्लाय आहे, आतला रेग्युलेटर चालू आहे आणि तरी तो गेट उघडत नाही, तर आयसीच गेला असणार, असं कुणालाही वाटेल. तुमच्यातल्या दोघातिघांनीही तेच सुचवलं होतं.

डेटाशीट पुन्हा सावकाश वाचली तेव्हा गाठ सुटली. व्हीसीसी (आयसीचा सप्लाय) असेल तर रेगएन चालू व्हायला एसीडेट, म्हणजे अडॅप्टर ओळखणाऱ्या पिनवर 0.6 व्होल्टच्या वर काहीही पुरतं. अडॅप्टर मान्य व्हायला मात्र त्याच पिनवर 2.4 व्होल्ट लागतात. या दोन आकड्यांच्या मधे पिन अडकली, तर आयसी जागा असतो पण दार उघडत नाही. माझ्या एसीडेटवर होते 1.65.

आता हिशोब. अडॅप्टरचे व्होल्ट एसीडेटसाठी दोन रेझिस्टरांच्या डिव्हायडरने कमी केलेले असतात. या बोर्डावर वरचा, अडॅप्टरकडचा रेझिस्टर 430 किलो-ओहम, खालचा, ग्राउंडकडचा 66.5. 19 व्होल्टला तिथे 2.54 यायला हवेत. पॉवर काढून पिन ते ग्राउंड मोजलं तर 37 किलो-ओहम. सर्किटमध्ये मोजलं की आकडा कमी येतोच, म्हणून असे आकडे आपण सोडून देतो. पण कमी म्हणजे किती कमी, हे काढता येतं. वरच्या 430 चं दुसरं टोक पूर्णपणे ग्राउंडला चिकटलं आहे असं धरलं, तरी समांतर हिशोबाने 57 च्या खाली जाता येत नाही. 37 याचा अर्थ आणखी एक वाट आहे, साधारण 106 किलो-ओहमची, आणि ती स्किमॅटिकमध्ये (बोर्डाच्या सर्किट-नकाशात) कुठेही नाही. डायोड मोडला किंवा बझरला ती दिसणं शक्यच नव्हतं.

मग एक प्रयोग केला, आणि सगळ्या दुरुस्तीत मला सर्वांत आवडलेला क्षण तोच. मीटरचा प्रोब एसीडेटवर धरून घरातला हेअर ड्रायर त्या कोपऱ्यावर सोडला. 1.65. मग 1.8. थोडा वेळ तिथेच रेंगाळला, मग 2.1, 2.3, आणि 2.4 ओलांडताच बेंच सप्लायचा करंट उडी मारून वर गेला. गेटवर 25 व्होल्ट! ड्रायर बंद करून बसलो, तर आकडा हळूहळू खाली सरकला आणि 2.4 च्या जरा खाली येताच रेल पुन्हा गेली.

हॉट एअरनंतर बोर्ड का चालायचा आणि पावसाळी रात्रीनंतर का मरायचा, याचं उत्तर हेच. रिफ्लोने, म्हणजे हॉट एअरने तापवून, सोल्डर जोडलं जात नव्हतं, नुसती ओल उडत होती. दुधासाखरेचा वाळलेला थर हवेतली ओल धरतो आणि अशा मोठ्या रेझिस्टरांच्या डिव्हायडरला तेवढी ओल पुरते. बोर्ड भाजून ‘दुरुस्त’ करणाऱ्या व्हिडिओंवर माझा आधीपासून राग आहे, आता तो पक्का झाला.

खालच्या रेझिस्टरला समांतर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, 0402 या अगदी बारीक मापाचा. फ्लक्स लावून तो उचलला, तर दोन पॅडच्या मधोमध तपकिरी, किंचित चकाकणारा पट्टा. वरून बोर्ड स्वच्छ दिसत होता, कारण आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) आधी धुतला होता. पण इतक्या चिकटून बसलेल्या पार्टखाली ब्रश पोचत नाही. पट्टा ओल्या कापूसकाडीने घासला, पिन ते ग्राउंड लगेच 57. पॉवर दिली, 2.54. डोनर बोर्डवरचा (सुट्या भागांसाठी ठेवलेल्या जुन्या बोर्डावरचा) कपॅसिटर बसवला आणि रेल उभी. तीन आणि पाच व्होल्ट आले, बटण दाबल्यावर करंट 0.03 वरून उसळून खेळायला लागला आणि स्क्रीनवर बायोसचा लोगो!

आयसीच गेला असेल म्हणून मागवलेले नवे आयसी तसेच पाकिटात आहेत. बरंच झालं म्हणायचं. ऑनलाईन स्वस्तात आलेल्या त्या पट्टीवरची छपाई पुसट आहे आणि एकाचा, पहिली पिन दाखवणारा, पिन-वनचा ठिपका भलत्याच जागी आहे. साडेतीन मिलिमीटरचा क्यूएफएन (बाहेर पाय नसलेली चपटी चिप), पोटाखाली ग्राउंड पॅड, तो उपसून असला माल लावला असता, तर एका दोषाचे दोन झाले असते. त्यापेक्षा पुण्याच्या तापकीर गल्लीतून भंगार बोर्ड वजनावर आणावेत. त्यावरचा पार्ट निदान कधीकाळी चाललेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडलाही तसे बोर्ड मिळतात, पण निवडून घ्यायला वेळ हवा.

आता उरलं बॅटरीचं. अडॅप्टरवर लॅपटॉप मस्त चालतो, चार्जिंग शून्य टक्के. पॅकच्या टोकांवर व्होल्टेजच नाही, म्हणजे आतल्या प्रोटेक्शनने तोडलंय. सेलना बाहेरून थेट करंट देऊन ‘उठवा’ असं कुणी सांगेल, मी ते करणार नाही. खोलवर उतरलेल्या लिथियम सेलशी असला खेळ घरात नको. नवा पॅक मागवायचं ठरवलं होतं.

पण हे लिहिता लिहिता सुचलं. बीक्यू24735 स्वतःहून चार्ज करतच नाही, ईसीने (बोर्डावरच्या पॉवर-कीबोर्ड सांभाळणाऱ्या कंट्रोलरने) एसएमबसवरून, म्हणजे क्लॉक आणि डेटा या दोन तारांच्या संवादमार्गावरून, करंट आणि व्होल्टेज लिहावे लागतात, आणि ते 175 सेकंदांत पुन्हा लिहिले नाहीत तर चार्जिंग थांबतं. म्हणजे बसच आजारी असेल तर नवा पॅकही तसाच पडून राहणार. चहा बॅटरी कनेक्टरच्या बाजूनेच आत गेला होता. आत्ता उठून मोजून आलो: क्लॉक 3.3 व्होल्ट, डेटा 2.1! तारेला वर 3.3 कडे ओढणारे पुल-अप रेझिस्टर दोन्हींना सारखेच आहेत, म्हणजे डेटावरही गळतीच असावी.

त्यामुळे पॅकची ऑर्डर थांबवली. आता कनेक्टर उचलून त्याखाली बघायचं. प्लास्टिक वितळू नये म्हणून खालून प्रीहीट आणि वरून उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप असा बेत आहे. आठ पिनांचा हाच कनेक्टर कुणी सुखरूप काढला असेल, तर तापमान आणि नोझल जरूर कळवा.