टॅपेट कव्हरचं सिलिकॉन आणि चेक इंजिनचा दिवा

गाडी पेट्रोल-सीएनजी, बीएस-४. तक्रार एकच: चेक इंजिनचा दिवा. आधीच्या गॅरेजने पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा, कॅटच्या म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा) नवा बसवला होता, तरी काही महिन्यांत दिवा परत. मग कोड (ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या संगणकात, साठलेली बिघाडाची नोंद) उडवून गाडी हातात द्यायची, आणि शेवटी ‘गॅसच्या गाडीत असं व्हायचंच’. कारण सापडलं नाही की आपल्याकडे सीएनजीच्या नावावर पावती फाडतात.

स्कॅनरवर दोन कोड होते. पी-०१३३, म्हणजे पुढचा सेन्सर सुस्त. पी-०१४१, म्हणजे कॅटनंतरच्या मागच्या सेन्सरला गरम ठेवणारा हीटर बिघडलेला. कोड उडवून गाडी नुसत्या पेट्रोलवर फिरवली, तरी दोन्ही हजर. म्हणजे दोष सीएनजीचा नव्हता.

मागचा सोपा. कनेक्टर सोडला, इंजिन चालू ठेवून पाहिलं तर गाडीच्या वायरिंगमधून १२ व्होल्ट येत होते. म्हणजे फ्यूज शाबूत. सेन्सरच्या एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात. तिथे मीटरवर काही ओहम दिसायला हवेत, दिसलं काहीच नाही. हीटर आतून तुटलेला. हे मोजायला दहा मिनिटंही लागत नाहीत, तरी लोक थेट सेन्सर मागवतात.

पुढच्याने मात्र डोकं खाल्लं. गरम इंजिन २५०० आरपीएमवर धरलं की या जातीच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ असा सतत खालीवर उडायला हवा. इथे ग्राफ रेंगाळत चढायचा, रेंगाळत उतरायचा. इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते तिथे) कार्ब क्लीनरचा जरासा फवारा मारून मिश्रण जाड (इंधन जास्त) केलं, तर लगेच ०.८ च्या वर जायला हवा. हा बऱ्याच वेळाने पोचला. व्हॅक्यूमचा पाइप काढून मिश्रण पातळ (हवा जास्त) केलं, तर उतरतानाही तेच. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर फसतो, म्हणून थंड इंजिनवर सायलेन्सरमधून ब्लोअरची हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा नाही.

मग सेन्सर काढला. इंजिन कोमट, रस्ट स्प्रे, वायरीसाठी चीर असलेला २२ चा सॉकेट. साध्या पान्याने कडा गोल होतात. टोकाकडे पाहिलं आणि उलगडा झाला. मिश्रण जाड असेल तर काळी काजळी बसते. इथे पांढरा, खरखरीत थर होता. तो कूलंटनेही येतो, पण कूलंटची पातळी जागच्या जागी होती आणि ब्लॉक टेस्टचं (कूलंटमध्ये इंजिनचा धूर शिरतोय का ते पाहायचं) निळं पाणी निळंच राहिलं.

राहिलं टॅपेट कव्हर, इंजिनच्या डोक्यावरचं झाकण. कडेने पारदर्शक सिलिकॉनचे ओघळ, बाथरूमच्या फरशीला लावतात तसलं. पॅकिंग बदलायचं सोडून कुणीतरी अख्खी कड त्यानेच माखली होती. त्याची वाफ क्रँककेसमधून (इंजिनच्या ऑइलच्या पोटातून) पीसीव्हीने, म्हणजे तिथली वाफ परत इंजिनात ओढणाऱ्या व्हॉल्व्हने, इनटेकमध्ये जाते, जळून तिची सिलिका होते आणि सेन्सरच्या प्लॅटिनमवर काचेसारखी बसते. हा थर धुऊन निघत नाही. नवा सेन्सर लावला तो याच सापळ्यात.

म्हणून आधी कव्हर खरवडून साफ केलं, नवं रबरी पॅकिंग बसवलं, टायमिंग कव्हरच्या सांध्यावर तेवढा सेन्सरला चालणाऱ्या सीलंटचा ठिपका. ऑइल, फिल्टर बदलला. दोन्ही सेन्सर त्यानंतर, साधारण ४० न्यूटन-मीटरला आवळून. नव्या सेन्सरच्या आट्यांना ग्रीस लागलेलंच येतं; ते टोकाला लागू द्यायचं नाही.

पुढचा ग्राफ आता हवा तसा उडतो. मागचा ०.६-०.७ वर स्थिर असतो, पण चढावर मधेच डुलतो, आणि ते मला आवडलेलं नाही; कॅट धड असेल तर तो स्थिरच राहायला हवा. मागचा हीटर मेलेला असेपर्यंत ईसीयू कॅटची तपासणी पुरी करू शकत नव्हता. ती सिलिका कॅटवरही बसलेली असणार. ग्राहकाला सांगून ठेवलंय, ‘दादा, पुढे पी-०४२० (कॅट नीट काम करत नाही असा कोड) आला तर सेन्सरला दोष देऊ नका, कॅट गेलाय म्हणून समजा.’ त्याने लगेच विचारलं, त्याचे पैसे आधीच्या गॅरेजकडून कसे काढायचे.