उपमुख्यमंत्र्यांची पट्टी : महाराष्ट्राचा रोल पूर्ण, कर्नाटक सुरू

मंडळी, महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांचा चार्ट एकदाचा शाई मारून पूर्ण झाला, आता फोटो काढायला उजेड नीट मिळाला की टाकतेच, पण तोवर काय काय झालं ते लिहून ठेवते कारण मधल्या काळात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्केल आणि रंगांबद्दल विचारलं होतं.

स्केल अखेर पाच मिलिमीटरला एक महिना असाच ठेवला. ठाणे स्टेशनजवळ ग्राफ पेपरचा रोल मिळतो, सुट्या शीट चिकटवत बसण्यापेक्षा तो घ्या, जोड येत नाही. मार्च 1978 पासून डिसेंबर 2024 पर्यंत गेलं तर पावणेतीन मीटरच्या थोडं वरच जातं. आमच्या हॉलची लांब भिंत त्यासाठी रिकामी केलीये. वरची पट्टी मुख्यमंत्र्यांची, मधली उपमुख्यमंत्र्यांची, आणि सगळ्यात खाली उपमुख्यमंत्र्यांकडच्या खात्यांची. रंग फक्त खात्यांना दिलेत, पक्षांना नाही, आणि भगवा, हिरवा, निळा हे मुद्दाम टाळलेत, नाहीतर बघणारा लगेच पक्षच शोधायला लागतो. गृह जांभळं, अर्थ पिवळं, सार्वजनिक बांधकाम विटकरी, नगरविकास राखाडी.

ही तिसरी पट्टी नसेल तर चार्टला काही अर्थच नाही असं माझं आता पक्कं मत झालंय. कारण राज्यघटनेत बघायला जाल तर उपमुख्यमंत्री हा शब्दच नाहीये. कलम 163 मध्ये मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ, 164 मध्ये नेमणुका, तिसऱ्या अनुसूचीतल्या शपथेत नुसतं ‘मंत्री’. 1989 ला देवीलाल यांनी शपथ घेताना स्वतःला उपप्रधानमंत्री म्हटलं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं की हे फक्त वर्णन आहे, त्याने अधिकार काही वाढत नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकांविरुद्धची याचिका फेटाळताना पण सूर तोच होता, की हा माणूस आधी मंत्रीच आहे. आणि तरी राष्ट्रपतींच्या मानक्रमाच्या यादीत राज्यांचे उपमुख्यमंत्री दहाव्या क्रमांकावर आहेत! घटनेत नाही पण प्रोटोकॉलमध्ये आहे, त्यामुळे वजन शोधायचं तर ते खात्यात आणि आमदारांच्या आकड्यातच शोधायला लागतं.

आता चार्ट डावीकडून. पहिले नाशिकराव तिरपुडे, वसंतदादांच्या सरकारात, दोन काँग्रेस एकत्र येऊन केलेलं सरकार, मार्च ते जुलै 1978, म्हणजे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. मग शरद पवारांनी पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल) सरकार केलं तेव्हा बीड जिल्ह्यातले सुंदरराव सोळंके, फेब्रुवारी 1980 पर्यंत. मग 1983 ते 85 रामराव आदिक, परत वसंतदादांबरोबरच. आदिकांचा तुकडा भरताना मला फार भारी वाटलं कारण ठाणे-नेरूळ लोकलने माझी रोजची ये-जा आहे आणि नेरूळला उतरून आरएआयटीकडे जाणारी मुलं रोज दिसतात, त्या कॉलेजच्या नावातले रामराव आदिक ते हेच. नवी मुंबईत वाढलेल्या कित्येकांना हे माहीत नसतं, मी आता ट्रेनमधल्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगत सुटलेय.

त्यानंतर मार्च 1985 ते मार्च 1995, साठ सेंटिमीटर कोरा कागद. दहा वर्षं राज्याला उपमुख्यमंत्रीच नव्हता आणि कुणाचं काही अडलं नाही. एका पक्षाचं भक्कम सरकार असेल तर या पदाची गरज पडत नाही, ही गोष्ट वाचून जेवढी कळली नव्हती तेवढी तो कोरा कागद बघून कळली.

1995 ला युती आली आणि गोपीनाथ मुंडे, सत्तावीस सेंटिमीटरच्या वर सलग जांभळं, मनोहर जोशी आणि नारायण राणे दोघांच्याही खाली. महाराष्ट्रातला हा सगळ्यात लांब सलग तुकडा आहे. पुढे छगन भुजबळ, तेही गृह, डिसेंबर 2003 ला राजीनामा. आणि इथे ती खालची पट्टी खरी कामाला येते बघा. त्यांच्या जागी विजयसिंह मोहिते पाटील उपमुख्यमंत्री झाले पण गृह गेलं आर. आर. पाटील म्हणजे आबांकडे. म्हणजे मधल्या पट्टीत नाव एकाचं आणि जांभळा रंग मात्र तिथून गायब. मग 2004 ला आबा स्वतः उपमुख्यमंत्री झाले आणि रंग परत आला, तो 26/11 नंतर डिसेंबर 2008 ला त्यांनी राजीनामा देईपर्यंत. त्यांच्यानंतर भुजबळ परत आले पण या वेळी विटकरी, सार्वजनिक बांधकाम. 2010 पासून अजित पवार, तिथून पिवळं सुरू. एकाच आघाडीत, एकाच पक्षाकडे असलेलं पद, आणि त्याचा रंग जांभळ्याहून विटकरी आणि मग पिवळा होत जातो, हे मला पूर्ण चार्टमधलं सगळ्यात बघण्यासारखं वाटतं.

2014 नंतर परत पाच वर्षं कोरी, देवेंद्र फडणवीसांच्या पहिल्या कारकिर्दीत हे पद नव्हतंच. आणि मग 23 नोव्हेंबर 2019 ची अजित पवारांची सकाळची शपथ. 26 तारखेला राजीनामा, म्हणजे माझ्या स्केलवर अर्धा मिलिमीटर. झीरो पॉइंट फाइव्हच्या ड्रॉइंग पेनची एक उभी रेघ म्हणजे ती कारकीर्द, बरोब्बर तेवढीच, जाडी मोजून बघितली भिंग लावून. खाली रंग काहीच नाही कारण खातेवाटपच झालं नव्हतं. ही रेघ पट्टी न हलवता एका दमात मारायला लागते, शाई जरा जरी पसरली तरी इतिहास बदलतो. पावसाळ्यात आमच्याकडे कागद इतका दमट होतो की शाई लगेच फुटते, म्हणून मी तेवढी रेघ कोरड्या हवेपर्यंत पेन्सिलमध्येच ठेवली होती. ज्यांचं घर खाडीच्या बाजूला आहे त्यांनी हे लक्षात ठेवा.

30 डिसेंबर 2019 पासून परत पिवळं, जून 2022 पर्यंत. आणि मग ठाणेकर म्हणून ज्या तुकड्यावर मी सगळ्यात जास्त रेंगाळले तो. 30 जून 2022 ला एकनाथ शिंदे, आमच्या कोपरी-पाचपाखाडीचे आमदार, वरच्या पट्टीत आणि आधी मुख्यमंत्री राहिलेले फडणवीस मधल्या पट्टीत. 5 डिसेंबर 2024 ला आझाद मैदानावर नेमकं उलट, फडणवीस वर गेले आणि शिंदे खाली आले, नगरविकास घेऊन म्हणजे राखाडी. चार्टवर दोन बाणांची फुली पडते तिथे. अजित पवार जुलै 2023 मध्ये त्याच मधल्या पट्टीत आले आणि 2024 ला सहाव्यांदा शपथ घेतली, म्हणून तिथे पट्टीचे वर-खाली दोन भाग करून दोन नावं बसवावी लागली.

रोल संपेपर्यंत एक गोष्ट डोळ्यात भरली. तिरपुड्यांपासून 2024 पर्यंत खालून वर जाणारा बाण एकच, फडणवीसांचा, आणि तेही आधी वर राहून आलेले. पहिल्यांदा उपमुख्यमंत्री आणि त्यानंतर पहिल्यांदा मुख्यमंत्री असं आपल्याकडे एकदाही झालेलं नाही. मुंडे, भुजबळ, आबा, सगळे तिथेच थांबले.

म्हणूनच दुसऱ्या रोलला मुद्दाम कर्नाटक घेतलंय. तिथे एस. एम. कृष्णा, जे. एच. पटेल, सिद्धरामय्या, येडियुरप्पा, चौघंही आधी उपमुख्यमंत्री आणि मग मुख्यमंत्री! बाणच बाण. पण 2019 ला तिथे एकाच वेळी तीन उपमुख्यमंत्री होते, त्यामुळे मधली पट्टी रुंद ठेवावी लागणार. (आंध्रचं तर विचारूच नका, 2019 ला जगन मोहन रेड्डींनी पाच नेमले होते. त्याच आंध्रात 1956 ला तेलंगणाला उपमुख्यमंत्रिपद द्यायचा करार होऊनही नीलम संजीव रेड्डींनी ते पद म्हणजे हाताचं नको असलेलं सहावं बोट म्हणून भरलंच नाही, आणि स्वतः ते आधी उपमुख्यमंत्री राहिलेले. हे मला अजिबात पटलेलं नाही, तेलंगणातल्या लोकांना दिलेला शब्द होता तो.)

सध्या कर्नाटकचं 1999 पर्यंत पेन्सिलचं काम झालंय. वरून खाली आलेल्यांची एक छोटी वेगळी पट्टी पण सुरू केलीये, शिंदे-फडणवीसांच्या जोडीला राजस्थानचे टिकाराम पालिवाल, केरळचे सी. एच. मोहम्मद कोया, पंजाबच्या राजिंदर कौर भट्टल आणि तमिळनाडूचे पन्नीरसेल्वम एवढे आत्तापर्यंत बसलेत. अजून कोणी सुचत असेल तर तारखांसकट सांगा, तारीख नसेल तर नाव लावता येत नाही. आणि खात्यांच्या रंगात आता पाटबंधारे वाढवायचंय, कर्नाटकात त्याशिवाय जमणार नाही, कुठला रंग घेऊ?